रेसिडेन्सीत लॅब रिसर्च: विषय नंतर, कॅलेंडर आधी

रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणात, लॅबमध्ये काम करायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात विषयापासून होते. सेप्सिसवर करायचंय, ट्यूमर इम्युनॉलॉजीत करायचंय. मग त्या विषयातली नावाजलेली लॅब शोधायची, मेल टाकायचा, होकार आला की खूश. सहा महिन्यांनी हातात उरतं काय, तर अर्धवट राहिलेले दोन-तीन प्रयोग, स्वतःलाच न लागणारी वही आणि समोर पुढची पोस्टिंग. यात आळस कुणाचाच नसतो, गोची क्रमात असते. आपल्याकडे वेळ किती आहे आणि तो कसा तुकड्यातुकड्यांत मिळणार आहे, हे आधी कागदावर मांडायला हवं. विषय त्या वेळेत बसवता येतो. विषय आधी ठरवून वेळ ताणायला गेलात तर ड्युटीचं रोस्टर काही तुमचं ऐकत नाही.

साधा हिशेब बघा. आठवड्यातून चार-चार तासांच्या दोन दुपारी मिळाल्या, तर तीस आठवड्यांत २४० तास होतात. सलग सहा आठवडे, आठवड्याला ४० तास मिळाले तरी २४०च. कागदावर दोन्ही सारखे. आता त्यात वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशींतलं ठरावीक प्रथिन अँटीबॉडीने शोधायची पद्धत, बसवून बघा. पहिल्या दिवशी पेशी प्लेटमध्ये लावायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांना औषध द्यायचं. तिसऱ्या दिवशी पेशी फोडून प्रथिनं काढायची, मोजायची, जेल चालवायचं, मेम्ब्रेनवर ट्रान्सफर करायचं आणि मेम्ब्रेन रात्रभर ४ अंशांवर प्रायमरी अँटीबॉडीत ठेवायचं. चौथ्या दिवशी सेकंडरी अँटीबॉडी आणि फोटो. हे चार दिवस सलग लागतात. लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) उणे ८० ला गोठवून मध्ये एक थांबा घेता येतो, पण पेशी लावणं आणि औषध देणं यांना सुट्टी नसते. मंगळवार-गुरुवारच्या दुपारी येणाऱ्या रेसिडेंटचे मधले दिवस मग दुसरंच कुणी सांभाळतं, आणि ब्लॉट बिघडला तर नेमका कुठे बिघडला हे सांगायला कुणीच उरत नाही. उलट, गोठवून ठेवलेल्या सीरमवरची (रक्ताची गुठळी झाल्यावर वर उरणाऱ्या द्रवावरची) एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने एखादं द्रव्य मोजायची चाचणी, एका दिवसात उरकते. स्लाइडवरचं इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचं (ऊतीत रंगवलेल्या प्रथिनाचं) स्कोअरिंग रात्री अकरालाही करता येतं.

म्हणून 'रिसर्चसाठी वेळ देऊ' असं विभागप्रमुख म्हणाले की लगेच तीन गोष्टी विचाराव्यात. त्या काळात नाइट ड्युटी असेल का? ओपीडी असेल का? सहकारी आजारी पडला तर बदली म्हणून आधी कुणाला बोलावणार? उत्तरं तोंडी न ठेवता रोस्टरवर उतरवून घ्यावीत. तोंडी मिळालेला मोकळा वेळ पहिल्याच गर्दीच्या आठवड्यात वाहून जातो, आणि त्यात कुणाची वाईट नियतही नसते. वॉर्डात माणूस कमी पडला की सर्वांत आधी लॅबमधलाच आठवतो.

काही ठिकाणी हा वेळ प्रशिक्षणाच्या आराखड्यातच बांधलेला असतो, आणि ते आधी माहीत असेल तर अर्ज करतानाच फायदा होतो. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाचा रिसर्च पाथवे आहे. त्यात २४ महिने इंटर्नल मेडिसिनचं क्लिनिकल प्रशिक्षण आणि ३६ महिने संशोधन असतं, आणि संशोधनाच्या काळात ८० टक्के वेळ संशोधनालाच द्यावा लागतो. तिथल्या जनरल सर्जरीच्या अनेक शैक्षणिक प्रोग्रॅममध्ये पाच क्लिनिकल वर्षांच्या मधोमध, साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षानंतर, एक-दोन पूर्ण वर्षं लॅबसाठी काढतात. एनआयएच या तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची आर-३८ ही योजना संस्थेला निधी देते आणि त्यातून रेसिडेंटला एक ते दोन वर्षं संशोधन करता येतं. ब्रिटनमध्ये अकॅडमिक क्लिनिकल फेलोशिपमध्ये २५ टक्के वेळ संशोधनाचा असतो, आणि तो सुट्या दिवसांत घ्यायचा की सलग ब्लॉकमध्ये, यावर बोलणी करता येतात. निवड तुमच्या हातात असेल तर ब्लॉकच मागा. जिथे पदव्युत्तर प्रबंध सक्तीचा आहे तिथे वेगळा वेळ बहुधा मिळत नाही, पण गाइड, एथिक्स कमिटीची वाट आणि रुग्ण या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. त्या कमी लेखू नयेत.

कोणत्या वेळेत काय बसतं, ते आता बघू.

एक महिना असेल तर नवीन तंत्र शिकून नवीन नमुने गोळा करायच्या फंदात पडू नका. लॅबमध्ये चालू असलेली, बसलेली पद्धत घ्या आणि ती आधीच फ्रीझरमध्ये असलेल्या नमुन्यांवर किंवा पॅथॉलॉजीच्या पॅराफिन ब्लॉक्सवर (मेणात जतन केलेल्या ऊतींवर) चालवा. नाहीतर खुला डेटा घ्या. द कॅन्सर जीनोम ॲटलासमध्ये ३३ प्रकारच्या कॅन्सरचे ११ हजारांहून अधिक रुग्ण आहेत. त्यातला बराच भाग कुणालाही उतरवून घेता येतो. फक्त कच्च्या सिक्वेन्ससारखा, व्यक्ती ओळखता येईल असा डेटा हवा असेल तर वेगळी परवानगी लागते. तीन महिन्यांत एक छोटा, सरळ प्रश्न तडीला जातो, मात्र एथिक्सची मंजुरी पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी हातात हवी. वर्षभर असेल तर पेशींवरचं काम, फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणं), रुग्णांचे ताजे नमुने यांना हात घालावा.

उंदरांचं मात्र गणित मांडल्याशिवाय हो म्हणू नये. गर्भकाळ १९ ते २१ दिवस, पिल्लं आईपासून वेगळी करायची ती २१व्या दिवसाच्या सुमारास, आणि प्रजननक्षम व्हायला सहा ते आठ आठवडे. म्हणजे एका पिढीला साधारण नऊ ते अकरा आठवडे. दोन जनुकं बंद केलेला उंदीर हवा असेल आणि दोन वेगवेगळ्या स्ट्रेनपासून सुरुवात असेल, तर किमान दोन पिढ्या लागतात. दुसऱ्या पिढीत दोन्ही जनुकं दोन्ही बाजूंनी बंद असलेलं पिल्लू सोळात एक मिळतं. एका गटात दहा उंदीर हवे असतील तर १६० पिल्लांचं जीनोटायपिंग (डीएनए तपासून कोणतं जनुक बंद आहे ते पाहणं) करायचं, किंवा मधे आणखी एक पिढी घालून प्रमाण सुधारायचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांची कमिटी वेगळी, हाताळणीचं प्रशिक्षण वेगळं. तेव्हा सहा महिन्यांच्या ब्लॉकसाठी 'आपण नवीन नॉकआउट (जनुक बंद केलेला उंदीर) बनवू' असं कुणी सुचवलं तर नम्रपणे विषय बदलावा. वसाहत आधीच तयार असेल तर गोष्ट वेगळी.

नमुना हीच तुमची ताकद

पिपेट चालवण्यात रेसिडेंट कधीच पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतर लॅबमध्ये पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याच्या) बरोबरीला येणार नाही आणि यायची गरजही नाही. त्याच्याकडे असतं ते लॅबमधल्या दुसऱ्या कुणाकडे नसतं. रुग्ण कधी भरती झाला, अँटिबायोटिकचा पहिला डोस कधी गेला, स्टेरॉइड चालू होतं का, रक्त त्याआधी काढलं की नंतर, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. चांगला प्रोजेक्ट तोच, ज्यात ही माहिती निर्णायक ठरते.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पर्थचं. १९८१ मध्ये बॅरी मार्शल रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये मेडिसिनचं प्रशिक्षण घेत होते आणि गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या पोस्टिंगमध्ये त्यांना एक प्रोजेक्ट हवा होता. पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या बायोप्सीत वाकडे जिवाणू दिसत होते, पण स्लाइडमागच्या रुग्णाची माहिती हवी होती. १९८२ मध्ये दोघांनी एन्डोस्कोपीला आलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास केला. नवी लॅब नाही, नवं यंत्र नाही. प्रश्न स्लाइडवरचा आणि नमुने रोजच्या एन्डोस्कोपीचे. पण जिवाणू प्लेटवर काही वाढेना. कारण मायक्रोबायोलॉजीच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ४८ तासांत काही दिसलं नाही तर प्लेट टाकून देत. ईस्टरच्या जोडसुट्टीत प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे तोच वाकडा जिवाणू, उगवला. २००५ चं नोबेल या कामाला मिळालं. लोक या गोष्टीतलं नशीब उचलतात. मला त्यातला ४८ तासांचा नियम जास्त महत्त्वाचा वाटतो. रुटीन लॅबचे कालावधी रुटीन कामासाठी ठरलेले असतात. तुमचा नमुना त्याच रांगेत जात असेल तर प्रत्येक पायरीवर किती वेळ आणि का, हे विचारलं पाहिजे.

आता नमुन्यांच्या तपशिलाकडे. लॅबमधले निम्मे वाद खरं तर वॉर्डात तयार झालेले असतात.

आधी ट्यूब कोणती ते पाहू. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) करायचं असेल तर हेपरिनची ट्यूब टाळा, कारण हेपरिन प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला अडवतं आणि डीएनए काढताना पूर्ण जाईलच असं नाही. ईडीटीए हा रक्त गोठू न देणारा दुसरा पदार्थ चालतो. सीरम हवं असेल तर रक्त गोठायला साधारण अर्धा तास द्या. घाईने दहा मिनिटांत फिरवलं की सीरममध्ये नंतर फायब्रिनच्या तारा येतात आणि पिपेटची टिप तुंबते. उलट बाजूने, गोठताना प्लेटलेट्स आपला माल बाहेर टाकतात, त्यामुळे व्हीईजीएफसारखी (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनासारखी) द्रव्यं प्लाझ्मापेक्षा, म्हणजे गोठू न दिलेल्या रक्ताच्या द्रवापेक्षा, सीरममध्ये जास्त दिसतात. काही रुग्णांचा प्लाझ्मा आणि काहींचं सीरम अशी सरमिसळ झाली तर तो फरक आजाराचा म्हणून छापला जाऊ शकतो. रक्त वेगळं न करता तसंच ठेवलं तर ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटतं, लॅक्टेट चढतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशींमधून पोटॅशियम झिरपतं. मेटाबोलाइट मोजायचे असतील तर रात्री दोनला काढलेलं आणि सकाळी आठला फिरवलेलं रक्त वापरायच्या लायकीचं राहत नाही.

हीमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं, डोळ्यांना दिसायच्या आधीच नुकसान करून बसतो. एलडीएच आणि एएसटी ही एन्झाइम्स वाढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मायक्रोआरएनएवर (आरएनएच्या अगदी छोट्या रेणूंवर) काम करणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. मायक्रोआरएनए ४५१ आणि १६ लाल पेशींत ठासून भरलेले असतात, त्यामुळे थोडंसं फुटलेलं रक्तही 'बायोमार्कर' दाखवतं. प्रत्येक नमुन्याचं ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजून ठेवा; हीमोग्लोबिनचं शिखर तिथे असतं. दोन मायक्रोलिटरमध्ये काम होतं.

लिम्फोसाइट्स आणि मोनोसाइट्स वेगळे करायचे असतील तर १.०७७ घनतेचं फायकॉल वापरतात; या द्रवावर रक्त फिरवलं की पेशी घनतेप्रमाणे थरांत वेगळ्या होतात. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) मिसळायचं, ५० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये १५ मिलिलिटर फायकॉल घ्यायचं आणि ट्यूब तिरकी धरून ३० मिलिलिटर पातळ केलेलं रक्त काचेवरून घसरवावं तसं हळू सोडायचं. ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट बल), ३० मिनिटं, २० अंश, आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. वर पिवळा प्लाझ्मा, त्याखाली पांढुरकं कडं, मग पारदर्शक फायकॉल, तळाशी लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट्स. कडं तेवढं उचलायचं. एक मिलिलिटर रक्तामागे दहा ते वीस लाख पेशी मिळाल्या तर हात बसला समजा. इथे बिघाड ठरलेले आहेत. ब्रेक चालू राहिला तर फिरणं एकदम थांबतं आणि कडं विस्कटतं. फायकॉल फ्रिजमधून काढून थेट वापरलं तर त्याची घनता वेगळी असते आणि थर नीट बसत नाहीत. रक्त चोवीस तास जुनं असेल तर ग्रॅन्युलोसाइट्स हलके होऊन त्याच कड्यात येऊन बसतात, आणि मग फ्लो सायटोमेट्रीत नको ती गर्दी दिसते.

'१५०० वर फिरव' हा तोंडी निरोप तर सर्वांत घातक. १५०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) की १५०० जी? १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १५०० आरपीएम म्हणजे सुमारे ३७७ जी होतात, १० सेंटिमीटरच्या रोटरवर जेमतेम २५०. यंत्र बदललं की तोच आकडा वेगळं काम करतो. प्रोटोकॉलमध्ये नेहमी जी लिहा.

गोठवताना पेशी १० टक्के डीएमएसओ (बर्फाच्या स्फटिकांपासून पेशी वाचवणारा द्रव) असलेल्या माध्यमात घ्यायच्या आणि तापमान मिनिटाला एक अंश या वेगाने उतरवायचं. त्यासाठी आयसोप्रोपेनॉलचा डबा असतो. तो उणे ८० मध्ये रात्रभर ठेवायचा आणि मग व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये हलवायच्या. डब्यातलं आयसोप्रोपेनॉल दर पाचेक वापरांनंतर बदलायचं असतं, हे कुणी सांगत नाही. उणे ८० मध्येच महिनोन्महिने विसरलेल्या पेशी वितळवल्यावर बहुतेक मेलेल्याच निघतात.

ऊतींचंही तसंच. शस्त्रक्रियेतून निघालेला तुकडा तासाभराच्या आत फिक्सेटिव्हमध्ये जायला हवा, त्याच्या दहापट आकारमानाच्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये. स्तनाच्या कर्करोगातल्या रिसेप्टर तपासण्यांसाठी फॉर्मलिनमध्ये ठेवायची ६ ते ७२ तासांची मुदत पाळतात, आणि संशोधनासाठीही ती चांगली. शुक्रवारी दुपारी निघालेला नमुना सोमवारी उशिरा उचलला की मुदत उलटते. पॅराफिन ब्लॉकमधला डीएनए तुकडे-तुकडे झालेला असतो, म्हणून पीसीआरचा भाग दीडशे बेसपेअरच्या आत ठेवावा. आरएनए हवा असेल तर तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. संरक्षक द्रव आतपर्यंत पोचत नाही आणि बाहेरून ठीक दिसणाऱ्या तुकड्याच्या मध्यभागी आरएनए केव्हाच संपलेला असतो.

लेबलबद्दल एक वाक्य पुरे: साधी चिकटपट्टी उणे ८० मध्ये गळून पडते आणि साध्या मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, तेव्हा क्रायो-लेबलच वापरा आणि ट्यूबवर रुग्णाचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक.

प्लेटवर बसवून बघा

प्रोजेक्ट पेलेल की नाही हे कळायला मला प्लेटचा नकाशा सर्वांत विश्वासाचा वाटतो. एलायझाच्या प्लेटला ९६ खड्डे. आठ बिंदूंचा स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या मात्रांवरून काढलेली मोजपट्टी), प्रत्येक बिंदू दोनदा, म्हणजे १६ गेले. उरले ८०. प्रत्येक प्लेटवर तेच दोन कंट्रोल नमुने दोनदा घाला, आणखी ४ गेले. ७६ उरले, म्हणजे दुहेरी मोजले तर ३८ नमुने. आता ४० रुग्ण आणि ४० निरोगी व्यक्ती असा अभ्यास असेल तर तीन प्लेट्स लागतात, दोन नव्हे. शिवाय पहिली अर्धी प्लेट पातळीकरण ठरवायला जाते. चार-पाच नमुने न पातळ करता, दोन पट, दहा पट आणि पन्नास पट पातळ करून बघायचे आणि कर्व्हच्या मधल्या भागात कोणतं येतं ते पकडायचं. ही पायरी वगळून सगळे नमुने एकदम लावले की निम्मे कर्व्हच्या वर जातात. मग पुन्हा वितळवा, पुन्हा लावा. वितळवणं-गोठवणं वाढेल तसं काही सायटोकाइन्स (पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिनं) ढासळतात, म्हणून नमुना पहिल्याच दिवशी छोट्या-छोट्या हिश्श्यांत वाटून ठेवतात.

मांडणीत एक हमखास फसगत आहे. पहिल्या प्लेटवर रुग्ण आणि दुसऱ्या प्लेटवर निरोगी, अशी सोयीची मांडणी केली तर प्लेट-प्लेटमधला फरक आणि आजाराचा फरक कायमचे एकमेकांत मिसळतात. कोणतंही सांख्यिकी त्यांना नंतर सोडवू शकत नाही. प्रत्येक प्लेटवर दोन्ही गट मिसळून, सोडत काढून लावा. एकाच रुग्णाचा उपचाराआधीचा आणि नंतरचा नमुना एकाच प्लेटवर ठेवा. कडेचे खड्डे लवकर तापतात आणि लवकर सुकतात, म्हणून एकच गट कडेला येणार नाही हे पाहा. सगळे किट एकाच लॉटचे (उत्पादनाच्या एकाच खेपेचे) मागवा.

नमुन्यांची संख्या ठरवताना आधी फरक किती अपेक्षित आहे ते धाडसाने लिहा. दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.८ पट असेल, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ च्या सांख्यिकी पातळीसाठी प्रत्येक गटात २६ जण पुरतात. तोच फरक ०.५ पट असेल तर ६४ लागतात. तुमच्या पोस्टिंगच्या काळात तो आजार किती जणांना होतो आणि त्यातले किती जण संमती देतील, याच्याशी हा आकडा ताडून बघा. जुळत नसेल तर प्रश्न बदला, आकडा मोडू नका.

एथिक्सचं काम कंटाळवाणं असतं, पण त्याचा क्रम चुकला तर भरपाई नाही. मंजुरीचं पत्र आधी, पहिली ट्यूब नंतर. तपासणीनंतर उरलेलं रक्त वापरायचं असलं तरी मंजुरी किंवा संमतीतून रीतसर सूट लागते. संमतीपत्रात नमुना किती काळ साठवणार, पुढच्या संशोधनासाठी वापरणार का, जनुकीय तपासणी होणार का आणि नमुना दुसऱ्या संस्थेत जाणार का, या चार गोष्टी आज गरज नसली तरी लिहून ठेवा. वर्षभराने सिक्वेन्सिंगची संधी आली आणि संमतीत तो शब्द नसला तर फ्रीझर भरलेला असूनही उपयोग नाही. दुसऱ्या संस्थेला नमुना पाठवायचा तर मटेरियल ट्रान्सफरचा करार लागतो, आणि त्याच्या सह्यांना प्रयोगापेक्षा जास्त वेळ लागलेला लोक बघतात.

लॅब निवडताना प्रमुखांच्या शोधनिबंधांची यादी वाचून फारसं कळत नाही. विचारायचं ते असं: मागच्या काही वर्षांत इथे किती क्लिनिशियन आले, किती जणांचा पेपर निघाला, आणि ते आता कुठे आहेत? त्यातल्या एखाद्याला फोन लावा. दुसरं, बेंचवर हाताला धरून शिकवणार कोण? प्रमुख शिकवत नाहीत, शिकवतो पोस्टडॉक किंवा टेक्निशियन. तो माणूस पुढच्या दोन महिन्यांत लॅब सोडून जाणार असेल तर लॅब कितीही मोठी असो, तुमचं शिकणं संपलं. तिसरं, हा प्रयोग या लॅबमध्ये आत्ता चालू आहे का, की 'आपण बसवू' असं चाललंय? नवी पद्धत बसवण्यात अनेक महिने जातात आणि रेसिडेंटच्या कॅलेंडरला ते झेपत नाहीत. मेल चार-पाच ओळींचा पुरे. किती वेळ, कोणत्या तारखांना, कोणते रुग्ण-नमुने मिळू शकतात आणि त्यांचा कोणता पेपर वाचून हे सुचलं, एवढं लिहिलं की उत्तर येतं. लेखकांच्या क्रमाची गोष्टही पहिल्याच महिन्यात बोलून घ्या. अवघड वाटतं, पण शेवटी बोलणं त्याहून अवघड असतं. नुसते नमुने गोळा करून दिले म्हणून लेखकत्व मिळत नाही. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या निकषांप्रमाणे आखणी, डेटा मिळवणं किंवा विश्लेषण यांतल्या ठोस योगदानाबरोबरच लेखन वा चिकित्सक सुधारणा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी या सगळ्यांतच वाटा लागतो.

पहिल्या आठवड्यात खऱ्या नमुन्याला हात लावू नका. चार दशांशांचा तराजू घ्या, त्यावर रिकामी ट्यूब ठेवा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा, दर वेळी वजन लिहा. प्रत्येक थेंब ०.१ ग्रॅमच्या जवळ यायला हवा आणि दहा वजनांचं प्रमाण विचलन एक मिलिग्रॅमच्या आत. येत नसेल तर बहुधा टिप घट्ट बसलेली नसते, बटण सोडताना घाई होते, किंवा पहिल्या थांब्याऐवजी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढला जातो. मग तेच १० मायक्रोलिटरला करून बघा, तिथे हात उघडा पडतो. क्यूपीसीआरकडे (डीएनए किती आहे ते मोजणाऱ्या पीसीआरकडे) वळाल तेव्हा दहापट पातळीकरणांची रेष काढा. उतार उणे ३.३२ असेल तर दर सायकलला रेणू दुप्पट होतायत, उणे ३.१ ते ३.६ पर्यंत चालवून घेतात. टेम्प्लेट (तपासायचा डीएनए) न घातलेल्या खड्ड्यात रेष वर चढली तर दिवसभराचा डेटा बाजूला ठेवायचा. पेशी वाढवत असाल तर मायकोप्लाझ्माची (पेशींत शिरणाऱ्या एका अतिसूक्ष्म जिवाणूची) तपासणी ठरावीक काळाने करा. तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, आणि पेशींचं सगळं वागणं मात्र बदलून टाकतो.

नाइट ड्युटीनंतर थेट लॅबमध्ये यायची सवय अनेकांना असते. यायला हरकत नाही, पण त्या दिवशी डेटा नीट लावावा, वही पूर्ण करावी, बफर बनवले तरी दुसऱ्याकडून वजनं तपासून घ्यावीत. रुग्णाच्या नमुन्याची शेवटची ट्यूब, सुई-ब्लेडचं काम आणि हुडमधल्या (निर्जंतुक कामाच्या कक्षातल्या) थेट रुग्णाच्या ऊतीतून काढलेल्या प्राथमिक पेशी यांना झोप झाल्याशिवाय हात नको. प्लेटच्या सहाव्या स्तंभात आहोत की सातव्या हे झोपाळलेल्या माणसाला आठवत नाही. टिपांचा डबा आणि प्लेट एकाच दिशेने ठेवून, खड्डा आणि टिप यांची जागा जुळवत गेलं तर निदान चुकलेलं कळतं.

शेवटचे तीन आठवडे नवीन प्रयोगासाठी धरू नका, ते सोपवणीचे. प्रत्येक डब्याचा नकाशा करा: कोणता फ्रीझर, कोणता कप्पा, कोणता डबा, कोणत्या खणात कोणता क्रमांक, किती वेळा वितळवलेला. सांकेतिक क्रमांकांची किल्ली मंजुरीत लिहिलेल्या जागीच राहील, तुमच्या लॅपटॉपवर नाही. कच्च्या फायली यंत्रातून जशा निघाल्या तशाच, आणि त्यांच्याशेजारी अँटीबॉडीचा कॅटलॉग क्रमांक, लॉट आणि वापरलेलं पातळीकरण. ज्या प्लेट्स फसल्या त्यांच्याही फायली ठेवा आणि का फसल्या ते एका ओळीत लिहा, नाहीतर पुढचा रेसिडेंट त्याच लॉटवर पुन्हा महिना घालवतो. डब्याच्या झाकणावर स्वतःचं नाव लिहिण्याऐवजी एथिक्स मंजुरीचा क्रमांक आणि साठवणुकीची मुदत संपण्याची तारीख लिहा. फ्रीझर साफ करायला निघालेला माणूस तेवढंच वाचून ठरवतो.